तबकडीत उरलेला आवाज

इंदूरच्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पहिल्याच प्रकरणात एक अडचण भेटते. ज्यांच्या नावाने होळकर दरबाराचा लौकिक हिंदुस्थानभर पसरला, त्या कलावंतांचा एकही स्वर आज ऐकता येत नाही. बीनकार बंदे अली खाँ यांच्या वादनाची वर्णने आहेत, त्यांच्या शिष्यपरंपरेची नोंद आहे, पुण्यात त्यांची कबर आहे. त्यांची बीन मात्र कानी पडत नाही. नाना पानसे यांनी इंदुरात राहून पखवाजाची एक स्वतंत्र परंपरा उभी केली. त्यांचे बोल शिष्यांच्या हातांत उतरले आणि पुढच्या पिढ्यांनी ते जपले. पण खुद्द नानांची थाप कशी पडत असे, हे सांगणारा आता कोणी नाही. एकोणिसाव्या शतकातील ही सारी श्रीमंती आज ग्रंथांत आहे. वाचनालयाच्या कपाटातून काढून ती वाचता येते, पण ऐकता येत नाही.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. याच शहरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे उलटली तरी जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात ऐकला जातो. बंदे अलींच्या आणि अमीर खाँच्या मधल्या काळात जे यंत्र आले, त्याने संगीताला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, याचा हिशेब प्रत्येक रसिकाने एकदा तरी मांडून पाहावा असा आहे.

एडिसनने १८७७ साली आवाज साठवणारे यंत्र तयार केले आणि पुढे दहा वर्षांनी बर्लिनर याने सपाट तबकडीची युक्ती काढली. या दोन शोधांमुळे एका आवाजाच्या हजारो प्रती निघणे शक्य झाले. मुद्रणकलेने ग्रंथासाठी जे केले, तेच तबकडीने आवाजासाठी केले. या नव्या धंद्याचा एक प्रवासी दूत म्हणजे फ्रेड गैसबर्ग. ग्रामोफोन कंपनीच्या या तंत्रज्ञाने ११ एप्रिल १९०२ रोजी इटलीतील मिलान शहरी, एका हॉटेलच्या खोलीत, एन्रिको कारूझो या तरुण गायकाची ऑपेरातील दहा पदे मुद्रित केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा गृहस्थ कलकत्त्यास पोहोचला आणि तेथे त्याने गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. कारूझो आणि गौहर जान या दोघांचाही जन्म १८७३ चा. एकीकडे ऑपेरा, दुसरीकडे ख्याल, ठुमरी आणि दादरा. परंतु यंत्र एक, कर्णा एक आणि मुद्रित करणारा माणूसही एकच. आपल्या संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ युरोपच्या मागाहून पुष्कळ वर्षांनी झाला, असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही परंपरा या यंत्रासमोर जवळजवळ एकाच वेळी उभ्या राहिल्या.

उभे राहणेही सोपे नव्हते. त्या काळी विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून पुरेशा जोराने गायचे. त्या आवाजाच्या कंपाने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर उमटायचा. चुकले तर ते मेण वाया जाई आणि पुन्हा आरंभापासून गावे लागे. साथीदारांना कर्ण्यापासून मोजून अंतरावर बसवीत. तंबोऱ्याचा बारीक झंकार त्या कर्ण्यात जवळजवळ शिरतच नसे. पहिल्या काळातील तबकड्या जर्मनीत हॅनोवर येथे तयार होऊन येत. तेथील कारागिरांना गाणाऱ्याचे नाव कळावे म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. १९०८ साली कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच होऊ लागल्या. त्यांचा मुख्य घटक लाख. ती हिंदुस्थानच्या जंगलांतूनच साऱ्या जगाला जात असे. म्हणजे कारूझोचा आवाज ज्या द्रव्यावर युरोपात घरोघरी पोहोचला, ते द्रव्यही बहुतांशी येथलेच होते.

या तबकडीचा सर्वांत कडक नियम वेळेचा होता. मिनिटाला सुमारे अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे, फार तर सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे; बारा इंचीवर चार मिनिटांहून थोडे अधिक. ऑपेरावाल्यांनाही हा जाच होताच. १९०३ साली इटलीत व्हर्डीचा 'एर्नानी' हा ऑपेरा मुद्रित झाला, त्याला चाळीस एकतर्फी तबकड्या लागल्या. दर तीन-चार मिनिटांनी उठायचे, तबकडी बदलायची, सुई बदलायची, चावी द्यायची आणि तुटलेला प्रसंग मनात जोडून घ्यायचा, असे ते ऐकणे होते.

तथापि ऑपेरा आणि ख्याल यांच्या अडचणीत एक मूलभूत फरक आहे. ऑपेरा आधी कागदावर असतो. व्हर्डीने किंवा मोझार्टने स्वरलिपीत लिहून ठेवलेली रचना कोणी मुद्रित केली नाही म्हणून नष्ट होत नाही. ध्वनिमुद्रिका हा तिच्या अनेक प्रयोगांपैकी एक प्रयोग असतो. त्यामुळे पाश्चात्त्य रसिक एकाच ऑपेराची चार मुद्रणे जवळ बाळगतो, मूळ रचना समोर ठेवतो आणि कोणत्या संचालकाने कोणती जागा कशी घेतली, याची तुलना करीत बसतो. ख्यालाची गोष्ट निराळी. त्याची बंदिश चार ओळींची. ती भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत स्वरलिपीसह मिळेल. पण ख्याल म्हणजे ती बंदिश नव्हे. गायक बैठकीत बसल्यावर त्या बंदिशीभोवती जी इमारत उभी करतो, ती इमारत म्हणजे ख्याल. आणि ती त्याच रात्री उभी राहून त्याच रात्री विरून जाते. म्हणून ऑपेराचे ध्वनिमुद्रण हरवले तर एक प्रयोग हरवतो. ख्यालाचे हरवले तर कृतीच हरवते.

हे नुकसान किती मोठे असू शकते, याची उदाहरणे मराठी माणसाला दूर शोधावी लागत नाहीत. जयपूर घराण्याचे आद्य गायक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. तोवर ध्वनिमुद्रण सुरू होऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती; तरी त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याचीही तबकडी मागे राहिली नाही. 'स्वयंवर' नाटकाच्या चालींतून आणि शिष्यांच्या गळ्यांतून बुवांचा अंदाज बांधावा लागतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगमंचावर आले. त्या रात्रीविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे, पण तिचा एक सूरही मुद्रित नाही. त्याच वर्षी केशवराव निवर्तले, आणि तो योग पुन्हा येण्याची शक्यताही संपली.

मराठी संगीत नाटकाचे आणि तबकडीचे मात्र लवकर जमले. युरोपात ऑपेराने ग्रामोफोनला घरोघरी नेले, महाराष्ट्रात ते काम नाट्यपदांनी केले. पद मुळातच आटोपशीर. तीन मिनिटांत अस्ताई, अंतरा आणि चार ताना सुखाने बसत. नाटक कंपनी वर्षातून एकदा गावी येई. तबकडी घरात वर्षभर वाजे. माळव्यातील मराठी घरांना हा आधार विशेष होता. पुण्या-मुंबईपासून शेकडो मैल दूर, हिंदी आणि माळवी बोलीच्या प्रदेशात, बालगंधर्वांच्या आवाजाने आजोळ जवळ आणले. इंदूर नाटक कंपन्यांच्या वाटेवरचे शहर होते. बळवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ यांची कन्या लता हिचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात झाला. नाट्यसंगीताच्या घरात जन्मलेला हा आवाज पुढे ध्वनिमुद्रणाच्या साऱ्या युगावर पसरला, हा योगायोग इंदुरकरांना अभिमानाचा वाटतो तो उगाच नाही.

तीन मिनिटांच्या बंधनाने ख्यालगायकांना एक शिस्तही लावली. आलापाचा विस्तार करायला अवसर नाही, तेव्हा रागाचे नेमके मर्म कोठे आहे ते आधी ठरवावे लागे. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३४ नंतरच्या तबकड्या ऐकल्या म्हणजे हे ध्यानात येते. पहिल्या दोन स्वरांतच राग उभा राहतो. एकही जागा भरतीची वाटत नाही. या तबकड्या म्हणजे त्यांच्या मैफलीची छोटी प्रत असे समजणे चुकीचे ठरेल. कादंबरीकाराने लिहिलेली लघुकथा जशी त्याच्या कादंबरीचा सारांश नसते, तसेच हे आहे.

या तबकड्या नुसत्या करमणुकीच्या राहिल्या नाहीत; त्या गुरूही झाल्या. गदगमध्ये दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून भीमसेन जोशी नावाचा मुलगा वेडा झाला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गाणे शिकण्यासाठी घरातून निघून गेला. बेळगावकडे शिवपुत्र कोमकली नावाचा दुसरा मुलगा थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत असे. लोकांनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटले. हा मुलगा पुढे देवधरांकडे शिकला, १९४८ साली इंदूरजवळ देवासला येऊन राहिला आणि क्षयाच्या दुखण्यातून उठून त्याने स्वतःचे असे गाणे घडविले की त्यात कोणाचीही नक्कल शोधून सापडू नये. तबकडीने त्यांना अनुकरण शिकविले. त्यापलीकडे जाणे ही त्यांची स्वतःची कमाई. पुढे 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात त्यांनी नाट्यपदे गायिली, तेव्हा त्यांनी बालगंधर्वांचा आवाज काढला नाही. त्यांना कळलेला बालगंधर्वांचा विचार गायिला. जुनी ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत, याचा याहून चांगला वस्तुपाठ सापडणे कठीण.

आता अमीर खाँ. त्यांचे वडील शाहमीर खाँ भेंडीबाजार परंपरेतले सारंगीवादक आणि बीनकार. होळकरांच्या पदरी असल्यामुळे मुलाचे बालपण इंदुरात गेले. वडिलांनी मेरुखंडाचा अभ्यास करून घेतला. सात स्वर एकेकदाच घेऊन त्यांचे जितके क्रम होऊ शकतात, ते ५०४० होतात. त्या साऱ्यांतून रागाला मानवणारे निवडून त्यांचा विस्तार करायचा, अशी ही गणिती साधना आहे. त्यावर देवासच्या रजब अली खाँची तान, अमान अली खाँची सरगम आणि किराण्याच्या अब्दुल वहीद खाँची अतिविलंबित बढत यांचे संस्कार झाले. यांपैकी वहीद खाँकडे अमीर खाँ रीतसर गंडा बांधून शिकले नाहीत. त्यांचे गाणे त्यांनी ऐकून, विशेषतः रेडिओवर ऐकून, आत्मसात केले. खुद्द वहीद खाँची ध्वनिमुद्रणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांची बढत आज जी ऐकू येते, ती बव्हंशी इंदुरच्या या न झालेल्या शिष्याच्या गळ्यातून.

१९३४ साली अमीर खाँ मुंबईस गेले आणि तेथे त्यांच्या पाच-सहा लहान तबकड्या निघाल्या. त्यांत तयारी आहे, तान आहे, पण पुढे ज्याला जग अमीर खाँ म्हणून ओळखू लागले तो गायक त्यांत क्वचितच भेटतो. यात नवल नाही. चौदा मात्रांचा झुमरा ज्या लयीत ते गात, त्या लयीत तीन मिनिटांत जेमतेम तीन-चार आवर्तने व्हायची. ज्या गायकीचा प्राणच संथपणा, तिला लाखेच्या तबकडीत जागाच नव्हती. आधी वाट मोकळी केली ती आकाशवाणीने. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दीड तासाची मैफल घरबसल्या ऐकण्याची सोय झाली. १९५५ साली इंदूर केंद्र सुरू झाले. अमीर खाँचे धाकटे बंधू बशीर खाँ तेथे सारंगी वाजवीत. त्यानंतर दीर्घ वादनाची तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावत असे. १९६० साली एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली अमीर खाँची तबकडी प्रसिद्ध झाली, आणि ही गायकी प्रथमच आपल्या अंगच्या गतीने घरोघरी पोहोचली.

याच सुमारास युरोपात काय चालले होते, ते पाहणे उद्बोधक आहे. वाग्नरचे चार भागांचे, सुमारे पंधरा तासांचे 'रिंग' हे महानाट्य संचालक गेऑर्ग शोल्टी आणि निर्माते जॉन कल्शॉ यांनी व्हिएन्नात १९५८ ते १९६५ या काळात मुद्रित केले. डोळ्यांना न दिसणारा रंगमंच कानांपुढे उभा करावा, ही त्यामागची कल्पना होती. ज्या लांब तबकडीमुळे हा प्रकल्प शक्य झाला, तिनेच इंदुरच्या विलंबित ख्यालाला जागा दिली. एक प्रचंड वाद्यवृंद आणि डझनावारी गायकांचा, दुसरा एका तंबोऱ्याच्या जोडीने मंद्रसप्तकात रमणाऱ्या एका माणसाचा. गरज मात्र दोघांची एकच होती, न तुटणाऱ्या वेळेची.

तो मारवा ऐकताना घाई करू नये. या रागात पंचम नाही. ऋषभ कोमल आहे, आणि षड्ज हाताशी असूनही गायक पुनःपुन्हा त्याला टाळतो. श्रोत्याचे मन घरी परतू पाहते आणि गायक त्याला उंबरठ्याबाहेर थांबवून ठेवतो. त्या थांबण्यातच मारव्याची संध्याकाळ आहे. अमीर खाँ दोन स्वरसमूहांच्या मध्ये जी शांतता सोडतात, ती मुद्रणातील रिकामी जागा नव्हे. ती गाण्याचाच भाग आहे. पहिल्या ऐकण्यात ती लांब वाटते. दहाव्या ऐकण्यात तिच्याचसाठी तबकडी लावली जाते. मैफलीत हे दुसरे ऐकणे संभवत नाही. ध्वनिमुद्रणाचे सर्वांत मोठे देणे हेच आहे.

मात्र त्याबरोबर काही सावधगिरीही हवी. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या असतच असे नाही. चुकीच्या गतीने वाजविल्यास आवाजाची पट्टी आणि लय दोन्ही बदलतात, आणि न केलेला दोष गायकाच्या माथी बसतो. खरखर काढून टाकण्याच्या आधुनिक प्रक्रियेत पुष्कळदा आवाजाची धार आणि उरलासुरला तंबोराही निघून जातो. मुद्रणात श्रोत्यांची दाद नसते, किंवा असली तर तिचे कारण दिसत नाही. शिवाय एकच मुद्रण शंभर वेळा ऐकणाऱ्याला तोच त्या रागाचा एकमेव आकार वाटू लागतो. त्या गायकाने दुसऱ्या दिवशी तो निराळा उभा केला असता, याचा विसर पडतो. ऑपेराचा रसिक हाताशी स्वरलिपी घेऊन बसतो, तसा ख्यालाच्या रसिकाने हाताशी ग्रंथ ठेवावा. गोविंदराव टेंब्यांचे 'माझा संगीत व्यासंग', देवधरांचे 'थोर संगीतकार', वामनराव देशपांड्यांचे 'घरंदाज गायकी' ही पुस्तके वाचून मग तबकडी लावली, की कान अधिक सावध होतात. आणि तबकडी ऐकून पुन्हा पुस्तक उघडले, की लेखकाचे शब्दही अधिक बोलके होतात.

अमीर खाँ १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या दीर्घ तबकड्या थोड्याच. आज त्यांचे जे पुष्कळ गाणे उपलब्ध आहे, ते आकाशवाणीने जपलेल्या आणि रसिकांनी खासगी बैठकींत मुद्रित केलेल्या फितींमुळे. त्या रसिकांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही वेष्टनावर छापलेली नाहीत. ज्यांनी जड यंत्र उचलून नेले, रात्रभर फिरत्या चकत्यांवर लक्ष ठेवले आणि फिती कपाटात जपल्या, त्यांच्या पदरी या गायकीच्या अर्ध्या आयुष्याचे श्रेय आहे.

१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अंतराळात सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात मोझार्टच्या 'जादूची बासरी' या ऑपेरातील रात्रीच्या राणीचे गीत आहे, आणि गोमंतकात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. अल्लादिया खाँच्या या शिष्येचा आवाज आकाशात गेला आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. जे गाणे पाठविले गेले ते साडेतीन मिनिटांचे, जुन्या लाखेच्या तबकडीच्याच मापाचे. गुरूचा एक सूरही उरला नाही आणि शिष्येचा सूर सूर्यमालेबाहेर पोहोचला. या दोन गोष्टींमधले अंतर प्रतिभेचे नाही. एका ध्वनिमुद्रणाचे आहे.

इंदूरजवळ पिगडंबर येथे लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाने ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय उभे आहे. एका रसिकाच्या चिकाटीने जमलेल्या हजारो तबकड्या तेथे नांदत आहेत. पण साऱ्या तबकड्यांचे दैव इतके थोर नसते. लाखेची तबकडी हातून पडली की फुटते. चुंबकीय फीत ओलाव्याने चिकटते, तिला बुरशी धरते. आणि ती वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होत जातात. घरातील वडीलधारे गेले म्हणजे माळ्यावरची पेटी रद्दीबरोबर जाते. तिच्यावर काय लिहिले आहे, हेही कोणी वाचत नाही.

शंभर वर्षांपूर्वी या शहरातील मराठी मंडळींनी वर्गणी काढून पुस्तके जमविली, ती पुढे कोण वाचील याची त्यांना खात्री नव्हती. आज माळ्यावरची ती पेटी उघडणे, आतल्या तबकड्यांवरील आणि फितींवरील नावे वहीत उतरवून घेणे, त्यांच्या प्रती करवून घेणे आणि त्या ऐकण्यासाठी एक खोली व एक संध्याकाळ राखून ठेवणे, हे त्याच जातीचे काम आहे. नाना पानसे यांची थाप आता परत येणार नाही. पण इंदुरातील एखाद्या मराठी घराच्या माळ्यावर अजून अशी एखादी फीत असेल, जिच्यावर पेन्सिलीने केवळ रागाचे नाव आणि तारीख लिहिलेली आहे. ती वाजविता येण्यासारखी आहे तोवरच कोणीतरी ती खाली काढली पाहिजे.